पाइपातलं मीठ

धर्माजीनं पाइपात मीठ भरलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

तसा माणूस गरीब. कंपनीतून रिटायर होऊन बोर्लीच्या अलीकडं गावी आला, तर क्रीडा मंडळानं त्याला बायकांच्या सकाळच्या सरावाला हंगामी कोच नेमला. (दुसरं कोणी तयार नव्हतं, हे त्याला सांगू नका.) गळ्यात शिट्टी पडली आणि गडी तरंगायलाच लागला. कापलेल्या भातशेतावर धुकं उतरायचं, समुद्राकडनं गार वारा यायचा आणि त्याच्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांपुढं खाचराचं स्टेडियम व्हायचं. लाखभर माणसं उठून उभी. बांधावरची म्हैससुद्धा उभी. (ती रोजच असते.)

रविवारी तालुक्याच्या प्रांजली मॅडम बायकांची रिले बघायला येणार होत्या. पसंत पडली तर सराव चालू, नाहीतर शिट्टी परत. हातात द्यायला दांडी नव्हती, म्हणून धर्माजीनं नळाच्या पाइपाचा तुकडा कापला. हलका वाटला, म्हणून खडे मीठ भरून दोन्हीकडं बूच मारलं.

"खुळखुळतंय काय ह्यात?" आवडाबाईनं विचारलं.

"मीठ."

चौघी एकमेकींकडं बघायला लागल्या. धर्माजीला दिसलं नाही. तो स्टेडियमात होता.

रविवारी आवडाबाई वाऱ्यासारखी सुटली, बायजापाशी येऊन थांबली आणि पाइप अलगद जमिनीवर ठेवला. बायजानं तो वाकून उचलला आणि पळाली. पुढच्या बाईपाशी तिनंही खालीच ठेवला.

मॅडमनी चष्मा पुसला. "हे काय चाललंय?"

"मीठ हातात दिलं की भांडान व्हतं," बायजा म्हणाली. "आमी एका इहिरीवरच्या बाया. पळनं काय, आज हाय, उद्या न्हाय."

धर्माजीचं स्टेडियम क्षणात रिकामं झालं. त्यानं धावत जाऊन पाइप हिसकावला आणि शेवटच्या धावपटूच्या, म्हणजे स्वतःच्याच बायकोच्या हातावर दणकन ठेवला. "असं द्यायचं! झालं भांडण? झालं?"

चंदाबाईनं पाइप कानाशी हलवला.

"मीठ कुठलं?"

"आपल्याच बरणीतलं."

"म्हंजे बरणी कुनी रिकामी केली म्हनून सुनंला दोन दिस बोलतेय, ती उगंच?"

पुढचं मॅडमनी घड्याळ लावून बघितलं. पुढं धर्माजी, मागं पाइप उगारलेली चंदाबाई. बांध गेला, पाट गेला, म्हैस दचकून बसली. अख्खं शेत फिरून धर्माजी जिथनं निघाला तिथंच आडवा झाला.

टाळ्या! डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं दोन्ही बाजूंना मान लववली. केवढं ते स्टेडियम!

"सराव चालू राहील," मॅडमचा आवाज आला. "पळवायचं कसं ते यांना बरोबर कळतं."

धर्माजीनं डोळे उघडले. शिट्टी चंदाबाईच्या गळ्यात होती.

"आणि मी?"

"साठीच्या पुढच्या गटात घातलंय तुम्हाला."

"पण मॅडम, मी अठ्ठावन्न..."

"उठा आधी," नव्या कोचबाई म्हणाल्या. "आन् प्वाट आत!"