पोत्यासकट निरोप

भांडणं मिटवणं म्हणजे माझ्या हातचा मळ! चार जावांच्या घरात नांदलेली बाई मी. आमच्या शिवणकारखान्यातली दोन माणसं ती काय!

ती दोन म्हणजे कापड कापणारे मास्तर आणि इस्त्रीवाल्या मावशी. वाद पंख्याचा. पंखा लावला की मास्तरांचे कागदी साचे पाखरांसारखे उडायचे. बंद केला की मावशी भट्टीतल्या विटेसारख्या लाल व्हायच्या. शेवटी बोलणंच बंद! दोघांच्या मध्ये माझं टेबल, आणि मशिनांच्या खडखडाटात या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही, म्हणून निरोप्या मी.

"ताई, सांगा त्या तोफेला, पंख्याला हात लावायचा नाही!"

मी मावशींकडे वळून म्हणाले, "मास्तर म्हणतात, उकाड्यात फार कष्ट होतात हो तुम्हाला."

मावशी चपापल्या. तरी म्हणाल्याच, "आधी स्वतःची जीभ कापा म्हणावं!"

"मास्तर, मावशी म्हणतात, कापावं तर तुम्हीच!"

हळूहळू मास्तर भांग पाडून यायला लागले. मी आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

मग आले काळे कोट, नव्या हॉटेलच्या वेटरांचे. संध्याकाळी उद्घाटन. कोट वेळेत गेले नाहीत तर मालक मोठ्या गिऱ्हाइकाला मुकणार आणि मी माझ्या खुर्चीला! मास्तरांनी गुंड्यांच्या जागी मेणखडूनं खुणा केल्या आणि ओरडले, "ताई, त्या बयेला सांगा, खुणांवर इस्त्री फिरवायची नाही. मेण कापडात उतरेल!"

'बया' ऐकलं आणि माझी जीभ गोड व्हायला निघालीसुद्धा. पुढचं ऐकतंय कोण!

"मावशी, मास्तर म्हणतात, या कोटांवर तुमचाच हात फिरू दे!"

मावशी लाजल्या, आणि इतकं मन लावून हात फिरवला की प्रत्येक कोटाच्या छातीवर पांढरे, तेलकट डाग!

"अहो, नको म्हणून सांगितलं होतं ना!" मास्तर किंचाळले.

"तुम्हीच म्हणालात, हात फिरू दे!"

"मी? मी कशाला म्हणू?"

"मग माझ्या कष्टांचं कोण म्हणालं?"

दोघांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. मी घाईघाईनं दोरा ओवायला घेतला. सुईशिवाय!

पण पुढचं बघायला भाग्य लागतं हो! मावशींनी डागावर टिपकागद ठेवून वरून इस्त्री दाबली. मेण कागदात चढलं. मास्तर मागोमाग ब्रश मारत गेले. तोंडं दोघांचीही सुरूच.

"दाबा जोरात, बाळ नाही निजवायचं!"

"आणि तुम्ही ब्रश मारताय की कोटाला गोंजारताय?"

डाग कुठे राहिला, कागद कधी बदलायचा, इस्त्री किती तापवायची, सगळं त्या भांडणातच होतं! इतके दिवस मी साखर घालत होते आणि नेमकं तेवढंच गाळत होते. पंख्याचं तर त्यांनी जाता जाता मिटवलं. मावशींच्या जुन्या इस्त्र्या मास्तरांच्या साच्यांवर वजनाला ठेवल्या आणि पंखा सुरू!

कोट वेळेवर गेले.

आता त्या दोघांचं भांडण अगदी छान चाललंय. बोलणं बंद आहे ते माझ्याशी. काही काम निघालं की मास्तर म्हणतात, "मावशी, त्या साखरेच्या पोत्याला सांगा."

आणि मावशी सांगतात. शब्दन् शब्द. पोत्यासकट!