गलबताची चाल

गंगाराम तांडेलाला जन्मात एकदा तरी इद्रीसला बुद्धिबळात हरवायचं होतं आणि त्यासाठी आता फक्त आजची दुपार उरली होती. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट दुपार कलताच वेंगुर्ल्याला लागणार होती. सुपारीचं दुकान पुतण्याच्या हवाली करून इद्रीस त्या बोटीने मुंबईला लेकीकडे कायमचा निघाला होता. त्याची बायको जुलेखा केव्हाच धक्क्याच्या टोकाला ट्रंकेवर जाऊन बसली होती.

सरळ खेळून आपण जिंकत नाही, हे गंगारामला पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्याने फणसाच्या लाकडाची दोन गलबतं कोरून आणली आणि धक्क्यावर मांडलेल्या पटावर दोन्हीकडच्या एकेका हत्तीच्या जागी ठेवली. आपल्या बंदरात हत्ती कोणी पाहिलाय, असा त्याचा सवाल होता. गलबत हवं तितकं लांब जाणार, वाटेतल्याला मारणार आणि न थांबता पुढच्यालाही मारणार.

पहिल्याच सफरीत इद्रीसची अख्खी रांग बुडाली. गंगाराम आनंदाने उठून उभा राहिला. इद्रीस मात्र सोंगट्या पुन्हा मांडू लागला.

"इतकी वर्सा दर्यात काढलंस मा रे? वारो नसताना गलबत चालता?"

तांडेलाला याबाबतीत खोटं बोलवेना. मग ठरलं, पुढे जाताना वाऱ्याबरोबर सरळ जायचं आणि परतताना वाऱ्याविरुद्ध, एकेक घर नागमोडी. एवढ्यात दत्ताराम येऊन टेकला. धक्क्यावरून आगबोटीपर्यंत उतारू नेणारा पडाव त्याचा. खलाशी नसेल तर गलबत हाकणार कोण, असं त्याने विचारलं, तेव्हा शेजारी एक प्यादं हवंच, असं ठरलं. एव्हाना भोवती घोळका जमला होता. त्यातला कोणी म्हातारा तांडेल म्हणाला, एकदा माल भरला की गलबत दुसरा माल घेणार कुठे? म्हणजे एक सोंगटी मारली की आधी आपल्या कोपऱ्यात येऊन रिकामं व्हायचं.

आता गलबत जागचं हलेना.

"ह्येका गलबत म्हणतत? हो तर ओंडको," गंगाराम कळवळून म्हणाला.

मग ते पुन्हा तरंगवायला सगळे भिडले. खलाशी फक्त निघताना हवा, वाटेत नको, अशी सूट मिळाली. ज्यांनी कधी प्याद्याला हात लावला नव्हता तेही भरती-ओहोटी समजावून सांगत होते. हमरीतुमरी झाली, दोन डाव मोडले, पण शेवटी गलबत ना फार जड ना फार हलकं, असं दोघांनाही पटलं.

आणि काय डाव रंगला! इद्रीसच्या गलबताने गंगारामचा वजीर उचलला तेव्हा सगळे हळहळले. पण ते गलबत आता भरलेलं होतं, वाऱ्याविरुद्ध रखडत घराकडे निघालं होतं. गंगारामने तेवढ्यात घोडा आत घुसवला.

"शह," तो म्हणाला.

इद्रीसचा राजा आपल्याच प्याद्यांत कोंडला होता. त्याने खूप वेळ पाहिलं आणि राजा आडवा केला. गंगारामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने इद्रीसला मिठीच मारली.

"दत्ताराम खंय आसा?" मागून जुलेखाचा आवाज आला. "भोंगो वाजान वाजान थकलो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आगबोटीचा धूर पार क्षितिजाला टेकला होता. वारा, भरती, ओहोटी सगळं जाणणाऱ्या त्या घोळक्यात भोंगा एकाच्याही कानावर पडला नव्हता. दत्तारामने कपाळाला हात लावला. आता बोट नारळी पौर्णिमेनंतर. जुलेखा पाठ फिरवून घराकडे चालू लागली आणि तिची ट्रंक उचलायला घोळक्यातले चारजण धावले.

गंगारामला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. जन्माची एक जीत तर पदरात पडली होती. इद्रीस मात्र जागचा हलला नव्हता. तो सोंगट्या मांडत होता.

"बस," तो म्हणाला. "नारळी पौर्णिमेपर्यंत माका दुसरा काम नाय. आणि तुझ्या गलबताची चाल माका आता बरी समाजली."

दिवे लागायच्या आत गंगाराम हरला, तोही आपण कोरलेल्या गलबताच्या हातून. उद्या दुपारी लवकर बसायचं, असं ठरवूनच दोघे उठले.