थ्री फेजच्या शेवया

श्रीगोंद्याच्या एका बंद पडलेल्या दुकानातलं शेवयांचं मशीन भीमराजनं टेम्पोत घालून केडगावला आणलं, तेव्हा वायरमननं बघताक्षणी सांगितलं, "साहेब, ही मोटर थ्री फेजची. तुमच्या घरात सिंगल फेज. ही फिरायची न्हाई."

झालं! कचेरीतल्या खिडकीमागे बसून लोकांना 'होणार नाही' सांगण्यात भीमराजची अर्धी नोकरी गेली होती. पण तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्याला अजिबात सवय नव्हती. वायरमनला त्यानं चहा पाजून वाटेला लावलं.

मशीन खरं तर बायकोचं, जयमालाचं. लग्नसराईच्या तोंडावर शेवया करून द्यायचा धंदा तिनं मनावर घेतला होता. रविवारी सकाळी पीठ मळून घेऊन या, असं तिनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मळलेलं पीठ उन्हाळ्यात थांबत नाही. मशीन चाललं नाही, तर बायका पाट्या उचलून तडक छबूबाईच्या मशीनवर जाणार आणि पुन्हा या अंगणाकडे फिरकणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तुमाला जमंल ना? का वायरमनला परत बोलवू?"

"अगं, एक कपॅसिटर लावला की काम झालं. मोबाईलवर व्हिडिओ बघितलेत मी." (त्यातले बरेचसे परक्या भाषेत होते, पण वायर कुठल्याही भाषेत वायरच असते, असं त्याचं मत.)

कपॅसिटर त्यानं हॉलच्या पंख्याचा काढला. भर मे महिन्यात. घरातली वस्तू घरातच कामाला आली, याचाच त्याला कोण अभिमान!

रविवारी अंगण बायकांनी भरलं. भीमराजनं इस्त्रीचा शर्ट घालून विजेवर छोटंसं भाषण केलं आणि बटण दाबलं. मोटर नुसतीच हूंऽऽ करत बसली. पंख्याचा तो एवढासा कपॅसिटर त्या धुडाला कुठला पुरायला!

"हिला सुरुवातीला जरासा धक्का लागतो," असं म्हणत त्यानं पुलीला दोरी गुंडाळली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली. मोटर गरगर फिरू लागली! बायकांनी टाळ्या वाजवल्या. भीमराजनं वायरमनला मनातल्या मनात एक सलाम ठोकला.

पहिला मान शेजारच्या चांगुणाचा. तिनं पिठाचा गोळा मशीनच्या तोंडात घातला आणि सगळ्या जणी खालच्या जाळीकडे डोळे लावून बसल्या. जाळीतून काहीच पडेना. थोड्या वेळानं गोळाच हळूहळू वर आला.

"आवो भाऊजी, ह्यानं माझं पीठ माघारी दिलं की!"

"पीठ सैल मळलंय," भीमराज ठामपणे म्हणाला. "चांगलं मशीन कसलाही माल घेत नसतं."

चांगुणाच्या पिठाला नाव ठेवणारा आजवर केडगावात जन्मला नव्हता. तिनं पदर खोचला आणि गोळा दोन्ही हातांनी दाबून पुन्हा आत घातला. या खेपेला तो जरा घाईनं वर आला आणि थेट भीमराजच्या शर्टावर बसला. मग दुसरीनं घातला, तिसरीनं घातला. मशीन सगळ्यांचं सगळं प्रामाणिकपणे परत करत होतं.

"समद्यांचीच पिठं सैल व्हय?" चांगुणानं पाटी उचलली. "चला गं, छबूबाईकडं."

जयमाला रडत बसली नाही. वाकून तिनं मशीनच्या तोंडात डोकावून पाहिलं.

"आवो, आतला स्क्रू उलटा फिरतोय. तुमी दोरी उलट्या बाजूनं वढली."

"मोटर कधी उलटी फिरते का?"

"ही फिरती. हिला जिकडं धक्का द्याल तिकडं जाती."

तिनं बटण बंद केलं, मोटर पूर्ण थांबू दिली, दोरी दुसऱ्या बाजूनं गुंडाळली, बटण दाबलं आणि ओढली. चांगुणाच्या हातातला गोळा घेऊन आत सोडला. जाळीतून बारीक, लांबसडक शेवया सुटल्या.

"आगं बया, लई बारीक! छबूबाईच्या मशीनला न्हाई येत असल्या," चांगुणा म्हणाली आणि पाटी ठेवून खाली बसली.

भीमराजचा ऊर भरून आला. खरंच भरून आला. एवढ्या बायांमध्ये घाम पुसत उभी असलेली जयमाला त्याला लग्नातल्यापेक्षा देखणी वाटली. दिवसभर तो अंगणात खाटा टाकत, त्यावर शेवया वाळत घालत राहिला आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत राहिला, "घरच्या लाइनवर थ्री फेज चालवलीय आम्ही!" (त्या 'आम्ही'वर बराच लोड होता.)

दुसऱ्या दिवशी सावेडीहून एक अनोळखी गृहस्थ आले. नाव सूर्यभान. त्यांच्याकडेही थ्री फेजची मोटर घेऊन ठेवलेली आणि घरात सिंगल फेज.

"मोटरवाले साहेब हितंच राहत्यात का?"

भीमराजनं कॉलर सारखी केली. "मीच. विचारा."

"चांगुणाताईंनी पाठवलंय. दोरी कंच्या बाजूनं गुंडाळायची, तेवढं सांगा."

भीमराजनं डोळे मिटून विचार केला, हवेत बोट फिरवून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "डावीकडून."

"लई उपकार झाले, साहेब!" सूर्यभाननं हात जोडले आणि लगेच घरी फोन लावला. "बिभीषण, उजवीकडनं गुंडाळ रे!"

"अहो, मी डावीकडून म्हणालो."

"व्हय साहेब, ऐकलं की. ताईंनी बजावलंय, साहेबांना इचारल्याबिगर मोटरीला हात लावू नका, आन् ते सांगतील त्याच्या उलटं करा."