मागणीच्या दिवशी पसरलेलं कापड

आमचा दिवाणखाना दातांच्या दवाखान्यासारखा दिसतो, असं माझी मुलगी केनांगा सहज म्हणाली आणि तिथून सगळ्याला सुरुवात झाली. बोलणं खोटं नव्हतं. प्लास्टिकची फुलं, खताच्या कंपनीचं कॅलेंडर, धावत्या घोड्यांचं चित्र आणि भिंतीला टेकून उभ्या खुर्च्या. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या पाणीपुरवठा खात्याच्या कारकुनाचं घर आणखी कसं असणार? एरवी मी हे मनावर घेतलं नसतं. (मी काय काय मनावर घेत नाही यावर माझी बायको विदारती तासभर बोलू शकते.) पण रविवारी केनांगाला मागणी घालायला जोगजाहून पाहुणे यायचे होते, आणि मुलाचे वडील, चोक्रोसाहेब, जुन्या-नव्या कलावस्तूंचं दालन चालवत होते.

"बाबा, तुम्ही काही करू नका," केनांगा म्हणाली. "नुसते हसत बसा. मला हाच मुलगा हवाय."

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तर गलबलून आलं. बाप असून नुसता हसत बसू? मी निश्चय केला. घरात कला आणायचीच!

शहराबाहेरच्या बंद पडलेल्या साखर कारखान्यात त्याच आठवड्यात एक प्रदर्शन होतं. मी अर्धी रजा टाकून गेलो. तिथल्या एक बाई मोडक्या खुर्चीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "जुन्यात नवं दिसायला नजर लागते." मी बराच वेळ बघत राहिलो. मला खुर्ची मोडकीच दिसली. पण आम्ही पाणीखात्याची माणसं, चिकाटी आमच्या रक्तात असते. दुसऱ्या खुर्चीपासून मला थोडं थोडं दिसायला लागलं.

विदारती तिच्या आईला आणायला क्लातेनला गेली होती. सासूबाई राहतात आमच्याकडेच, पण महिनाभर धाकट्या मुलाकडे होत्या. दोघी रविवारी सकाळी येणार होत्या, म्हणजे मला अडवणारं घरात कोणी नव्हतं. मी थेट जुन्या बाजारात गेलो.

आणि तिथे मला ते दिसलं! बाटिकचं जुनं कापड, त्यावर काळ्या-तपकिरी त्रिकोणांच्या रांगाच रांगा. इतकं जुनं आणि तरी इतकं आजचं. माझी नजर आली होती.

"हे स्लोबोग आहे बरं का," दुकानदारीण म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो. (माहीत नव्हतं. पण कलेत असं विचारत बसायचं नसतं.)

"घरीच हवंय?"

"घरीच. रविवारी सगळं गणगोत जमणार आहे."

"अगं बाई! एवढ्यात?"

"आता किती दिवस ठेवून घेणार? एक ना एक दिवस जायचंच."

तिने पदर डोळ्यांना लावला, भाव निम्म्यावर आणला, तशीच लहानमोठी तीन कापडं बांधून दिली आणि वर ओंजळभर मोगराही दिला. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी खात्रीच पटली.

रविवारी पहाटे उठून मी कामाला लागलो. एक कापड भिंतीवर ठोकलं, एक टेबलावर घातलं. सगळ्यात मोठं खिडकीजवळच्या लांब बाकावर पसरलं. बाकाची गादी मधोमध खचलेली, म्हणून कापडाखाली दोन लोड लांबीने घातले. उशाशी वाटीत मोगरा ठेवला. लांब जाऊन पाहिलं तर मलाच भरून आलं. केनांगाला दाखवलं. तिने डिझाइनचं शिक्षण घेतलंय. ती म्हणाली, "बाबा, किती मॉडर्न!" आणि माझा गालगुच्चा घेऊन शृंगाराला पार्लरमध्ये गेली.

इतक्यात आमच्या गल्लीचे प्रमुख लासिमानकाका खिडकीतून डोकावले. त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"परमादी, अरे... कधी?"

"आजच, अकरा वाजता."

"आणि सासूबाई क्लातेनला होत्या ना?"

"आता इथे आणल्या ना. विदारतीने खास गाडी केली." (गाडी दहापर्यंत पोचणार होती. पण एवढं सविस्तर कोण सांगत बसतो?)

त्यांचे डोळे भरले. "फार त्रास झाला का?"

"त्रास कसला? सगळं सुखरूप पार पडतंय."

काकांनी माझा दंड दाबला आणि ते मशिदीच्या दिशेने गेले. थोड्या वेळाने तिथल्या भोंग्यावर माझं नाव ऐकू आलं, पण मी नेमका खिळे ठोकत होतो. मग बायका तांदूळ, साखर, नारळ घेऊन येऊ लागल्या. पुरुषांनी न विचारता अंगणात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो, बोलवावं लागत नाही, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. फक्त सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मुलगी जाणार म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

दहा वाजता गाडी आली. सासूबाई उतरल्या. मांडव, रडणाऱ्या बायका, तांदळाची पोती बघून त्यांनी काही न विचारता गळा काढला आणि बायकांत जाऊन बसल्या. चांगलं पोटभर रडून झाल्यावर त्यांनी शेजारच्या तुमिनीवहिनीला विचारलं, "कोण गं गेलं?"

तुमिनीवहिनीने वळून पाहिलं आणि किंकाळी फोडली. नारळ अंगणभर गडगडले. विदारती धावत घरात गेली, बाक पाहिला आणि माझ्याकडे वळली.

"अहो, हे काय पांघरलंय?"

"स्लोबोग. जुन्यात नवं..."

"मढ्यावर घालतात ते!"

मी माझी बाजू सांगतो. मयताला मी नेमाने जातो, पण आम्ही पुरुष बाहेर खुर्च्यांवर चहा पीत बसतो. आत काय पांघरतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी ही बाजू सांगत असतानाच जोगजाची गाडी फाटकाशी थांबली.

चोक्रोसाहेब आत आले. भिंतीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, हात जोडले. मागे भेटवस्तूंची तबकं घेतलेली मंडळी जागच्या जागी उभी राहिली. रिक्षातून उतरलेली केनांगा दारात आली आणि तिचा सगळा शृंगार ओघळू लागला. पोरीचं सोनं मी माझ्या हाताने मातीत घातलं होतं. मी पुढे झालो, बाकावरचं कापड ओढलं आणि दोन्ही लोड उचलून छातीशी धरले.

"साहेब, कोणी गेलेलं नाही. मी गाढव आहे. माझ्या गाढवपणाची शिक्षा पोरीला नको."

चोक्रोसाहेबांनी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. लासिमानकाका मांडवाची दोरी धरून उभेच होते. बायका नारळ गोळा करत होत्या.

"ही सगळी माणसं न बोलावता आली?"

"हो."

"मी सून शोधताना घर बघतो," ते म्हणाले. "ज्या घरासाठी गल्ली अशी धावून येते, ते घर मला पसंत आहे. तबकं आत आणा रे."

केनांगा माझ्या गळ्यात पडली, लोडांसकट. मयताच्या तांदळावर मागणीची पंगत उठली आणि सासूबाईंनी दोनदा भात घेतला.

पाहुणे गेल्यावर मी विदारतीला म्हणालो, "काही म्हण, गल्लीत आपली इज्जत आहे. कशी धावली माणसं!"

ती भांडी पुसत होती.

"ती आईसाठी धावली," ती म्हणाली. "तुम्ही गेलात असं कळलं असतं, तर जेवून-बिवून, उन्हं कलल्यावर आली असती."