गायकवाडकाका आणि माझ्या गाडीचं दार

आमच्या सोसायटीतली एक मोटार हिरवा बावटा दाखवल्याशिवाय मागे येत नाही. भिसेगावात कुणी आमचा पत्ता विचारला तर लोक सांगतात, "म्हातारा मोटारीला झेंडी दाखवतो ना, तीच बिल्डिंग." बिल्डिंगला नाव आहे, संगमरवरावर कोरलेलं आहे, त्या नावावरून दोन मीटिंगा आणि एक भांडण झालेलं आहे. ते नाव आजवर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

हा म्हातारा म्हणजे रघुनाथ गायकवाड, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. मूळचे लोधिवलीचे, पण सगळी नोकरी कर्जतच्या घाटात गेली. रिटायर होताना माणूस शिट्टी, बावटे सगळं सरकारजमा करून सुटतो. काकांनी बाजारातून नवं आणलं.

मोटार चालवतात त्यांच्या बायको, शालनकाकू. काका स्टेअरिंगला हात लावत नाहीत. "गार्डानं इंजिनाला हात लावायचा नसतो," असं ते सांगतात, आणि असं सांगतात की आपल्यालाच लायसन्स काढल्याची लाज वाटावी. काकू गाडीत बसल्या की काका मागे पार कंपाउंडच्या भिंतीपाशी जातात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत लाल बावटा, हातात हिरवा. पाय जुळवतात, शिट्टी मारतात, हिरवा फडकवतात. मग काकूंची चंदेरी मोटार बिचकत बिचकत मागे येते. तेवढ्यात दूधवाला अडकतो, शाळेची व्हॅन अडकते, बाइकवाले गेटातच पाय टेकून उभे राहतात. कुणी हॉर्न मारलाच तर काका शांतपणे त्याला लाल दाखवतात.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे ज्या मीटिंगला मी उशिरा पोचलो, त्या मीटिंगमध्ये माझी एकमताने निवड झाली. त्यामुळे काकांचं दुसरं वेड माझ्या फार जवळून परिचयाचं आहे. ते वेड म्हणजे जबाबदारी. दुसऱ्याची.

जगात काहीही बिघडलं की काका म्हणतात, "दुरुस्ती मागनं. आधी जबाबदारी फिक्स करा." टाकी भरून वाहायला लागली. पाणी जिन्यावरून खाली येतंय, मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याचा पंप बंद करायला धावतोय, आणि काका जिन्यात मला अडवून विचारतायत, "थांबा, सेक्रेटरी. बटण कोणी चालू केलतं?" मी म्हटलं, काका, आधी बंद करतो. तर म्हणाले, "बंद केलंत की पुरावा गेला." आम्ही दोघंही ओले उभे होतो.

एकदा कडावला एका लग्नात जिलेबी संपली. काकांनी पंगतीत बसल्या बसल्या आचारी, वाढपी आणि मुलीचा मामा अशा तिघांची चौकशी केली आणि मामावर ठपका ठेवला. मामाने मग त्यांच्या पानात मठ्ठा वाढू दिला नाही, तेव्हा त्याचीही जबाबदारी आचाऱ्यावर टाकली. त्याच लग्नातून काका दुसऱ्या कुणाच्या तरी चपला घालून आले. मी म्हटलं, निदान ही चूक तुमची. काका विचारात पडले. मग म्हणाले, "नाय. माझ्यासारख्याच चपला घेताना त्या माणसानं इचार करायला पायजे होता."

त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द कुणी ऐकलेले नव्हते. मीठ घातलेला चहा त्यांनी मला पाजलेला आहे. त्यात डबे ठेवणारा दोषी निघाला. डबे काकांनीच ठेवले होते, पण ते काकूंनी सांगितल्याप्रमाणे ठेवले होते.

आता काकूंचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. मुलगा बंगलोरला गेला आणि जाताना ही मोटार मागे ठेवून गेला. वर्षभर ती झाकणाखाली पडून होती. काकूंची आई कडावला, पार थकलेली. भाऊ-भावजय आहेत, पण म्हातारीला आंघोळ लेकीच्याच हातची लागते. काकू टमटमनं जायच्या, गुडघे धरून चढायच्या, पोटात पाय घेऊन बसायच्या. एके दिवशी त्यांनी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. वय अठ्ठावन्न. क्लासवाल्याने विचारलं, मुलीसाठी का? सोसायटीत हसून हसून पुरेवाट झाली. तळमजल्यावरचे ठोंबरे तर रोज खुर्ची टाकून बसायचे, काकू आज काय पाडतात ते बघायला. काकूंनी काहीही पाडलं नाही. त्या हळू चालवतात, गिअर बदलताना जरा ओठ चावतात, पण आठवड्यातून दोनदा कडावला जातात आणि येतात, रविवारी काकांना शेजारी बसवून. परत येताना त्यांचा चेहरा बघावा. गाडीतून उतरून त्या किल्ली पर्समध्ये टाकत नाहीत, हातातच ठेवतात, जिना चढेपर्यंत.

तर तो रविवार. माझ्या पार्किंगच्या जागेवर कुणाच्या तरी पाहुण्यांची गाडी होती, म्हणून मी माझी नवी पांढरी गाडी भिंतीकडेला, जरा तिरकी लावली होती. गाडीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून पूर्ण काढलेलं नव्हतं. मी गॅलरीत चहा आणि टोस्ट घेऊन उभा. खाली काकांनी शिट्टी मारली, हिरवा फडकावला, आणि चंदेरी मोटार मागे निघाली. ती सरळ माझ्या दाराच्या दिशेने येत होती. काकांपासून माझी गाडी हातभर अंतरावर, डाव्या बाजूला. मला वाटलं आता लाल होईल. नाही झाला. मी ओरडलो, पण तोंडात टोस्ट होता. धप्प असा आवाज आला. गाडी लागली, थांबली, काकू खाली उतरल्या, तरी काकांचा हिरवा फडकतच होता.

मी खाली जाईपर्यंत काकांनी खुर्च्या मागवल्या होत्या.

"आधी जबाबदारी फिक्स करू," ते म्हणाले. "सेक्रेटरी, गाडी तिरकी का लावलीत?"

"माझ्या जागेवर पाहुण्यांची गाडी होती."

"पाहुणे कोणाचे?"

पाहुणे ठोंबऱ्यांचे निघाले. काकांना इतका आनंद झाला की माझ्या दाराला पडलेला खळगा क्षणभर मीही विसरलो. त्यांनी ठोंबऱ्यांना उभं केलं, पाहुणे कधी आले, का आले, एसटीनं का आले नाहीत, सगळं विचारलं. मला वाटलं आता पाहुण्यांना चहा सोडून खाली बोलावतात.

ठोंबरे खवळले. "आमच्या पाहुण्यांवर कशाला येता, गायकवाड? तुमच्या मिसेसना गाडी मागं घेता येत नाय ते बोला ना. मी पहिल्यापासून सांगतोय, या वयात बाईच्या हातात स्टेअरिंग द्यायचं म्हणजे. आज दार गेलं, उद्या कोणाचं पोर जाईल."

मी काकांकडे बघत होतो. ज्या माणसाने जिलेबीसाठी मुलीच्या मामाला सोडलं नाही, तो आता ठोंबऱ्यांना सोलून काढणार अशी माझी खात्री होती.

पण बोलल्या काकू. "ठोंबरेभाऊ खरं बोलतात. माझं लक्ष नव्हतं. नाय जमत मला." आणि त्यांनी किल्ली काकांच्या हातात ठेवली.

काकांनी किल्लीकडे पाहिलं. मग बावटे गुंडाळता गुंडाळता, कुणाकडे न बघता म्हणाले, "झालं तर मग. जबाबदारी इंजिनवाल्यांची." खुर्च्या उचलल्या गेल्या.

मला दाराचा राग नव्हता, दार इन्शुरन्समध्ये होतं. मला त्या वाक्याचा राग आला. स्वतःच्या चपलांसाठी जगाशी भांडणारा माणूस बायकोसाठी एक शब्द खर्च करत नाही. मी त्या आठवड्यात काकांशी बोललोच नाही. ते जिन्यात "जय भीम, सेक्रेटरी" म्हणाले, तेही मी मान हलवून उडवून लावलं. मोटार पुन्हा झाकणाखाली गेली. ठोंबरे खुश होते. काकूंचं धाडस एकाच दणक्यात कसं संपलं, हे ते आल्यागेल्याला सांगत होते.

पुढे एक दिवस काकू मला टमटमच्या स्टँडवर भेटल्या. कडावला निघाल्या होत्या, पिशवीत आईचं धुतलेलं लुगडं. गाडी भरायची वाट बघत होत्या. मी सरळच विचारलं, "काकू, आरशात तुम्हाला माझी गाडी दिसली नाही?"

"दिसली की," त्या म्हणाल्या.

"मग थांबला का नाहीत?"

"यांचा हिरवा होता ना, भाऊ."

त्याच पुढे म्हणाल्या, "त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय मला. गार्डाचा हिरवा असला की डायवरनं शंका घ्यायची नाय. मला वाटलं, आपल्यालाच वेडंवाकडं दिसत असंल. ते मागं उभे हायत, त्यांना दिसतंय." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "त्यांना दिसत नाय. काचबिंदू हाय. डावा तर गेल्यातच जमा, उजव्यानं समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाय. पोरालासुदीक सांगू देत नायत. नोकरीत असताना डोळ्यांची तपासणी आली की आठवडाभर जेवायचे नाय हा माणूस. डोळा फेल तर गार्ड फेल. आता चारचौघांत मी कसं म्हणू, यांना दिसलं नाय म्हणून? त्यापेक्षा माझं लक्ष नव्हतं, हे बरं."

"आणि तुमची गाडी?"

"गेली टमटमनं कितीतरी वर्षं. जाईल आणखी." टमटमवाल्याने हाक मारली तशा त्या गुडघे धरून चढल्या. मी मदतीला हात दिला, तो त्यांनी घेतला, हे मला फार लागलं. आधी त्या कुणाचा हात घेत नसत.

मला काकांवरचा राग कुठे ठेवावा ते कळेना. दिसत नाही ही त्यांची चूक नव्हती. पण दिसत नसताना हिरवा दाखवला ती होती, आणि बायकोने ती पदरात घेतली तेव्हा गप्प बसले ती तर नक्कीच होती. काकूंनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं, म्हणून मी तोंड मिटून होतो.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी खाली उतरलो तर चंदेरी मोटारीचं झाकण अर्धंमुर्धं ओढून जमिनीवर टाकलेलं, आणि काका आत डाव्या सीटवर बसलेले. शिट्टी नाही, बावटे नाहीत. ठोंबरे आपली गाडी पुसत होते आणि एका डोळ्याने इकडे बघत होते. काकू पिशवी घेऊन खाली आल्या.

"उतरा, मी टमटमनं चालले," त्या म्हणाल्या.

"बस गाडीत."

"माझं लक्ष नसतं. ठरलंय ना तसं."

काकांनी काच खाली केली. "ठोंबरे, जरा इकडं या. सेक्रेटरी, तुमी बी ऐका. त्या दिवशी हिरवा मी दाखवला. मला गाडी दिसलीच नव्हती. मला बाजूचं काय दिसत नाय, लय दिवस झाले. हिला गाडी दिसलेली. हिनं माझ्यावर भरवसा ठेवला, आन् वर बोल पण आपल्यावर घेतला, आन् मी घेऊ दिला. चूक माझी हाय. ही गाडी चांगली चालवती."

ठोंबऱ्यांच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांनी ते गाडीच्या टपावर पुसून टाकलं.

"कशाला बोललात?" काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांना त्याचा रागही आला होता. "मी होते ना बोल खायला."

"तू घरात बसलीस तर म्हातारीला कोण बघंल?" काका म्हणाले. मग हळू आवाजात, "आन् माझं कसं व्हायचं, शालन? दिवसभर नुसते आवाज येतात घरात. रविवारचं तुझ्याशेजारी बसून जायला मिळतंय तेवढंच."

या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली, आणि ती पुढेही करणार आहे, पण त्या सकाळी मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच माझ्या गाडीच्या दारावरून हात फिरवत उभा राहिलो.

काकू फेरा घालून आल्या, बसल्या, काकांच्या हातातली किल्ली घेतली, आरसा नीट केला. मग अख्खं अंग वळवून मागे बघितलं, या बाजूने, त्या बाजूने, आणि इंजिन चालू केलं.

"वाटेत काय काय दिसतं ते सांगत चल," काका म्हणाले.

"सांगते. आधी पट्टा लावा."

काका पट्टा शोधायला लागले. खांद्यावर चाचपलं, सीटवर चाचपलं, दाराच्या फटीत चाचपलं. पट्टा त्यांच्या कानाजवळच लोंबत होता. काकूंनी पलीकडे वाकून तो ओढला, काकांच्या छातीवरून आणला आणि खटकन लावला.