दत्तूकाका आणि वन्समोअर

संगीत नाटकाला जाऊन वन्समोअर देणाऱ्यांशी भांडणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच. आमचे शेजारी दत्तूकाका. एखादं पद रंगलं, टाळ्या सुरू झाल्या आणि मागून कोणी "वन्समोअर!" म्हणून ओरडलं, की काका खुर्चीतून अर्धे उठतात, मागे वळतात आणि त्या माणसाकडे असं बघतात की जणू त्याने कोणाचं पाकीट मारलंय.

"बसा खाली," म्हणतात. "घसा म्हणजे काय एसटीचा हॉर्न आहे, दाबला की वाजायला?"

एसटी त्यांच्या बोलण्यात येते कारण त्यांची सगळी नोकरी स्टँडवर झाली. लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारायचे. दापोलीची गाडी कुठे लागली ते त्यांनी सांगितलं की समोरच्या दुकानातली माणसंसुद्धा पिशव्या उचलून पळायची. निवृत्त झाले तरी आवाज तसाच आहे. घरात मीठ मागतात तर आमच्या घरात मला ऐकू येतं.

माझी आणि नाटकाची ओळख त्यांनीच करून दिली. काकींचे गुडघे धरतात, त्यांना तीन तास बसवत नाही. तेव्हा एके वर्षी काका कुंपणाशी आले आणि म्हणाले, "सुमन, नाटकाला चल. तू बोलत नाहीस. नाटकाला तुझ्यासारखाच शेजार हवा." मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ते तिकीट काढायला गेलेसुद्धा. त्याला आता अकरा वर्षं झाली.

दर वर्षी थंडीपासून शिमगा उलटेपर्यंत आमच्याकडे संगीत नाटकं होतात. तिकिटं सुटतात त्या दिवशी काका सकाळी सहाला खिडकीपुढे उभे असतात. खिडकी दहाला उघडते. खुर्च्या ठरलेल्या, आठवी रांग, कडेच्या तीन. पहिली रांग त्यांना नको. "पुढे बसून नुसती रंगवलेली तोंडं दिसतात. पेटीवाल्याचे हात दिसले पाहिजेत गो." खिशात स्टीलची छोटी डबी असते. तिच्यात खडीसाखर आणि ज्येष्ठमध. दुसऱ्या अंकाच्या आधी ती मी विंगेत नेऊन द्यायची, गाणाऱ्या बाईसाठी. मला फार लाज वाटायची. मी पडदा ओढणाऱ्याच्या हातात डबी ठेवायची आणि पळून यायची.

काकांचे जुने वैरी म्हणजे बापट मास्तर. त्यांना पद आवडलं की ते काठी जमिनीवर आपटून वन्समोअर देतात. एकदा दोघांची अशी जुंपली की रंगमंचावरचा राजासुद्धा थांबून ऐकायला लागला.

"मी तिकीट काढून आलोय, दत्तोबा."

"एकदा ऐकायचं काढलंय. दोनदा ऐकायचं असेल तर दोन काढा, मास्तर."

"अहो, गाणाऱ्याचा मान असतो तो!"

"मान तिचा आणि हौस तुमची. तुम्ही म्हणा बघू सतराचा पाढा लागोपाठ तीनदा."

मास्तर खरंच उभे राहिले आणि सतराचा पाढा म्हणायला लागले. लोक हसून बेजार झाले. तोवर शहाण्या पेटीवाल्याने पुढचं पद सुरू केलं.

पण एका वर्षी हसण्यासारखं झालं नाही. एक नवी मुलगी होती, वीस-एकवीसची. फार गोड गायली. वन्समोअर आला आणि काकांनी तो दाबून टाकला. मध्यंतरात आम्ही वड्याच्या गाडीपाशी उभे होतो, तिथे ती मुलगी रंग लावलेल्या चेहऱ्याने थेट आली. "तुम्हीच ना ते काका?" म्हणाली. "आज माझे आईबाबा ऐकायला आले होते. पहिलाच वन्समोअर होता माझा." काकांनी खिशातली डबी पुढे केली. तिने ती घेतली नाही. दुसरा अंकभर काका मागे वळले नाहीत, पुढेही त्यांचं लक्ष नव्हतं. हातातला वडा तसाच कागदात राहिला.

तिसऱ्या खुर्चीचं सांगायचं राहिलं. ती त्यांच्या बहिणीची, सुधाताईंची. त्या सावर्ड्याला असतात. माझं माहेर तिथून जवळच आहे, मी शिमग्याला जाते, म्हणून शिमग्यानंतरच्या शेवटच्या नाटकाचं एक तिकीट काका दर वर्षी माझ्याबरोबर त्यांना पाठवतात. सुधाताई दर वर्षी तिकीट परत पाठवतात आणि सोबत एक कारण. गाय व्यायला झाली आहे. पाहुणे यायचे आहेत. मग तिसऱ्या घंटेला काका बाहेर जातात आणि तिकीट न मिळालेल्या कोणालातरी ते फुकट देतात. वन्समोअर द्यायचा नाही असं आधी त्याच्याकडून कबूल करून घेतात.

त्या का येत नाहीत ते मला काकींनी सांगितलं. आम्ही दोघी कोळंबी सोलत होतो.

"सुधा गायची गो," काकी म्हणाल्या. "आमच्या आळीतल्या लोकांनी नाटक बसवलं होतं. माझं तेव्हा नवीन लग्न झालेलं. पहिल्याच अंकात तिचं पद असं झालं की काय सांगू. लोकांनी वन्समोअर दिला, ती गायली. पुन्हा दिला, पुन्हा गायली. तिसऱ्यांदा कोणी दिला नाही. लोक दमले होते. तिसऱ्यांदा ह्यांनी दिला, एकट्यांनी. स्टँडवरचा तो आवाज. मोठ्या भावाला नाही कशी म्हणणार ती? गायली. आणि दुसऱ्या अंकातलं मोठं पद आलं तेव्हा गळ्यातून आवाजच निघेना. नुसती पेटी वाजत राहिली. तिने ते पद बोलून दाखवलं, शाळेत कविता म्हणतात तसं. कोणी हसलं नाही गो. हसले असते तर परवडलं असतं. त्यानंतर ती कधी स्टेजवर उभी राहिली नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन गेली."

काकींनी कोळंबीची साल बाजूला टाकली. "एकदा आली ना नाटकाला, ह्यांच्या शेजारी बसली ना, तर ह्यांच्या छातीवरचा दगड उतरेल."

हे ऐकल्यापासून ते तिकीट नेताना मला जड वाटायचं.

गेल्या शिमग्याला मी सुधाताईंकडे गेले तेव्हा त्या अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होत्या. पालखी नुकतीच येऊन गेली होती, दारात गुलाल सांडलेला. त्यांनी तिकीट घेतलं, वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"सांग, काजू वाळत घातलेत."

मी मान हलवली. एवढ्यावर मी निघायची. पण त्या वर्षी त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि आपण होऊन बोलायला लागल्या.

"दादाला वाटतं माझा गळा त्याने घालवला. अगो, चार दिवसांत परत आला गळा. चुलीपुढे गात होते मी. पण दादा घरी आला की आई डोळे मोठे करायची. 'गप, त्याला लागतं.' मग मी गप. लग्नानंतर दर भाऊबीजेला येतो. साडी आणतो, खडीसाखर आणतो, माझी गुरं बघतो, आणि जातो. सुधा, गा, असं एकदा म्हटलं नाही त्याने. एकदा तरी म्हणेल म्हणून मी वाट बघायची. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी गोठ्यात जाऊन गळा साफ करून ठेवायची. हसू नको."

मी हसत नव्हते.

"आता नाटकाला कशाला येऊ? दुसरीचं गाणं ऐकायला?"

"हे... सांगू त्यांना?" मी विचारलं.

"सांग की. तुझ्या तोंडातून शब्द निघाला तर." आणि त्या हसल्या. दात पुढचे जरा किडलेले, पण सगळे होते.

मी परत आले तेव्हा काका कुंपणाशीच उभे होते. "काय म्हणाली?"

"काजू वाळत घातलेत."

"काजू," काका म्हणाले. आणि आत गेले.

तेव्हाच सांगायचं होतं. पण भावाबहिणीच्या मधे मी कोण बोलणार? चौथी शिकलेली शेजारीण, उद्या काहीतरी भलतंच व्हायचं. नाटक होऊन जाऊ दे म्हटलं. नाटक झालं. मग आंब्याचे दिवस आले. माझ्या आंबापोळीच्या ऑर्डरी, सगळं अंगण चिकट. मग पाऊस लागला. रोज सकाळी काका दिसायचे, फुलं काढताना. रोज मी मनात वाक्य जुळवायची आणि "चहा झाला का?" एवढंच विचारायची.

गणपतीत त्यांच्याकडे आरतीला गेले होते. सगळे गात होते. काका नुसती झांज वाजवत होते, ते कधी गात नाहीत. आरती संपल्यावर ताम्हण माझ्यापुढे धरून म्हणाले, "सुधाच्या गळ्यात ही आरती काय शोभायची!"

आणि माझ्या तोंडून निघालं. सगळं, एका दमात, सुधाताईंच्याच शब्दांत. गोठ्यातलंसुद्धा.

काका ताम्हण धरून उभे राहिले. कापूर विझला. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीने ते सावर्ड्याला गेले.

संध्याकाळी परत आले ते घरी न जाता आमच्या पायरीवर येऊन बसले. मी आतून पाणी आणलं.

"विचारलंत?"

"विचारलं. दुपारी जेवणं झाल्यावर. म्हटलं, सुधा, गा. दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा माझाच आवाज फुटेना."

"मग?"

"दात काढलेत गो तिने. सगळे. श्रावणात काढले. कवळी बसवलीय, ती नीट बसत नाही. शब्द म्हणायला गेली की हवा जाते, शिट्टी वाजते. हसायला लागली. मी पण हसलो. मग कवळी काढून हातात घेतली आणि तशीच गायली. तेच पद, दुसऱ्या अंकातलं, मोठं. एक शब्द कळला नाही. पण सूर सगळा जागेवर होता. एवढी वर्षं सगळा जागेवर."

ते पाणी प्यायले.

"तुला हे कधी म्हणाली ती?"

गणपतीच्या दोन दिवस आधी, असं सांगता आलं असतं. त्यांनी ते खरं मानलं असतं.

"शिमग्यात," मी म्हटलं.

काकांनी बोटांवर महिने मोजले.

"म्हणजे तेव्हा दात होते."

"होते."

मला वाटलं आता ओरडतील, काकी धावत येतील. काकांनी भांडं पायरीवर ठेवलं, अगदी हळू.

"असू दे," म्हणाले. "तू सहा महिने गप्प राहिलीस. मी चाळीस वर्षं. तुला कुठल्या तोंडाने बोलू?"

आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.