डावा पाय

"आज माझं अंग माझ्या ताब्यात राहणार म्हणजे राहणार!" देवापुढे हात जोडून काकूंनी जाहीर केलं, आणि लेकीनं कपाळावर हात मारला.

काकूंचं अंग म्हणजे भाड्याची सायकल! समोर येईल तो चालवणार. समोरच्यानं नाक खाजवलं की ह्यांचं नाक हुळहुळे. नणंदेला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर नणंदेबरोबर ह्यांनीही आ वासला, आणि डॉक्टरांनी ह्यांचीच दाढ उपटली!

"आई, मुलाचे वडील पायानं अधू आहेत. आपल्या बाबांसारखेच," लेक म्हणाली. "तिथे लंगडलीस, तर लग्न मोडलंच म्हणून समज. आणि मला तोच हवाय गं!"

"मी काय खुळी आहे?"

मुलाच्या घरी फाटकापासून दारापर्यंत लांबलचक फरसबंदी वाट. मुलाचे वडील पुढे निघाले. काकूंनी नजर कुंड्यांवर खिळवली. पण कानांना कोण आवरणार? एक पाऊल ठाम, एक घासत. एक ठाम, एक घासत. किती वर्षांनी ऐकू आला हा आवाज! काकू झक्क लंगडू लागल्या.

दारातल्या विहीणबाईंचा चेहरा आंबला. "आमच्या ह्यांना वेडावता की काय?"

"नाही हो! आईचा पाय मुरगळलाय!" लेक ओरडली.

झालं! मुलगा बर्फ आणायला धावला. विहीणबाईंनी मलमाची डबी आणली, पण ती तलवारीसारखी धरून. "कुठला पाय?"

काकूंना काय ठाऊक!

मुलाचे वडील हसले. "अगं, वेडावणारा माझ्यासारखा उजवा पाय ओढेल. शेवटच्या पायरीशी मी वळून पाहिलं, बाई डावा ओढत होत्या. खरंच दुखतोय त्यांना. बांध पट्टी!"

गुडघ्यापर्यंत पट्टी चढली. लग्नही ठरलं. काकू मात्र पट्टीकडेच बघत राहिल्या. डावा पाय काकूंच्या 'ह्यां'चा अधू होता. शेजारून चालताना काकूंचाही आपसूक ओढला जायचा, आणि "अगं, तू तरी नीट चाल!" म्हणून ते रागवायचे. ते गेले आणि पाय शहाण्यासारखा सरळ झाला. इतका सरळ, की रस्त्यानं जाताना काकूंना आपलीच चाल परकी वाटे.

परतताना कोपरा वळल्यावर लेक म्हणाली, "सोड आता ते सोंग. कुणी बघत नाहीये."

"राहू दे गं. घरापर्यंत."

दोघी चालत राहिल्या. ठाम, घासत. ठाम, घासत.

दाराशी शेजारीण उभी. "अगंबाई! गेलात तेव्हा तर धड होतात! दोघींच्या पायांना काय झालं?"

लेकीनं दचकून खाली पाहिलं. तिचाही डावाच!

"बाई गं, लग्नात तरी अंग आवर हं," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसत कुलूप उघडू लागल्या.